संविधानाचा कुठलाही प्रश्न समोर आला की आधी काय विचारायचं

प्रश्न एलएलबीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीचा आहे, थोडक्यात असा: मूलभूत हक्क, मार्गदर्शक तत्त्वं, सातवी अनुसूची, मूलभूत संरचना सगळं पाठ झालंय पण एकाचा दुसऱ्याशी संबंध लागत नाही, पेपरात एखादी घटना देऊन मत विचारलं की सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही, आणि शेवटी मोठं कोण, संसद की सुप्रीम कोर्ट?

शेवटचं आधी घेतो, कारण त्याचं उत्तर पक्कं झालं की बाकीचं आपोआप जागेवर येतं. मोठं या दोघांपैकी कुणीच नाही. मोठं संविधान. संसदेला कायदा करायचा अधिकार संविधानाने दिला आणि तो कायदा तपासायचा अधिकार कोर्टाला संविधानानेच दिला. ब्रिटनमध्ये असं नाही, तिथे एकसंध लिखित संविधान नाही, संसद सर्वोच्च आहे आणि तिने केलेला कायदा तिथलं कोर्ट रद्द करू शकत नाही. आपण संसदीय पद्धत तिथून घेतली पण हा भाग मुद्दाम घेतला नाही. त्यामुळे आपल्याकडे कुणाचीच सत्ता स्वतःची नाही. पंतप्रधान असो, राज्यपाल असो, तहसीलदार असो, सरपंच असो की हायकोर्टाचे न्यायाधीश, प्रत्येकाची सत्ता कुठल्या ना कुठल्या कलमातून किंवा कायद्यातून आलेली आहे आणि जिथून आली तिथेच तिची हद्दही लिहून ठेवलेली आहे.

मी इतकी वर्षं हायकोर्टात रिटची, म्हणजे सरकारी कृतीविरुद्धच्या याचिकांची कामं करतो, आणि आजही नवीन ब्रीफ हातात आलं की तीनच गोष्टी बघतो. सत्ता कोणी वापरली? ती त्याच्याकडे आली कुठून? आणि तिला मर्यादा कुठली? बहुतेक मुलं थेट तिसऱ्यावर उडी मारतात, कलम १४ (समानता), १९ (भाषणासारखी स्वातंत्र्यं), २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) लिहून मोकळी होतात, आणि पहिल्या दोन प्रश्नातच केस संपलेली असते हे लक्षातच येत नाही.

कोणी वापरली यासाठी कलम १२ बघायचं. मूलभूत हक्क हे मुख्यतः 'राज्या'विरुद्ध आहेत आणि राज्य म्हणजे कोण ते या कलमात सांगितलंय: केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारं, विधिमंडळं, स्थानिक आणि इतर प्राधिकरणं. भांडण आहे ते या 'इतर' वर. सरकारी कंपनी? विद्यापीठ? सोसायटी? कोर्ट बघतं की त्या संस्थेवर सरकारचं पैशाने, कामकाजात आणि प्रशासनात किती खोल नियंत्रण आहे. म्हणून लोक येतात की साहेब, हाऊसिंग सोसायटीने व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढलं, माझं अभिव्यक्ती स्वातंत्र्य गेलं, तर त्यांना सांगावं लागतं की तुमचा राग समजतो पण हे कलम १९ चं प्रकरण नाही, सहकार कायद्यात काही सापडतंय का ते बघू.

इथे एक बारकावा आहे आणि तो परीक्षेत मार्क मिळवून देतो. २००५ मध्ये बीसीसीआयबद्दल सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ती कलम १२ खाली राज्य नाही, म्हणून कलम ३२ ची, म्हणजे मूलभूत हक्कासाठी थेट सुप्रीम कोर्टातली याचिका चालणार नाही, पण ती जे काम करते ते सार्वजनिक स्वरूपाचं आहे, तर हायकोर्टात कलम २२६ च्या रिट अधिकाराखाली जाता येईल. म्हणजे १२ चं दार बंद झालं म्हणून २२६ चं बंद होतंच असं नाही. शिवाय काही हक्क मुळातच खासगी माणसालाही लागू आहेत, कलम १७ अस्पृश्यता, २३ वेठबिगारी, २४ बालमजुरी, आणि दुकान, हॉटेल, विहिरीवर भेदभाव नको म्हणणारं १५(२). हे संविधान लिहिणाऱ्यांना पक्कं माहीत होतं की या देशात माणसाला गावकुसाबाहेर ठेवणारं फक्त सरकार नव्हतं. आणि हो, २०२३ च्या कौशल किशोर निकालात बहुमताने असंही म्हटलं गेलं की १९ आणि २१ खासगी व्यक्तीविरुद्धही मागता येतील. हा निकाल उत्तरात लिहायचाच, फक्त त्याने कलम १२ ची चर्चा निरर्थक झाली असं लिहू नका, तसं झालेलं नाही.

आता दुसरा प्रश्न, सत्ता आली कुठून. हा माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. आपल्याकडे जीआर, परिपत्रक, वरून आलेला आदेश म्हटलं की लोक तो कायदाच समजतात, अधिकारीसुद्धा. पण कलम १९ मधल्या स्वातंत्र्यावर मर्यादा घालायची तर ती कायद्यानेच घालावी लागते, नुसत्या प्रशासकीय परिपत्रकाने नाही. १९८६ चं बिजो इमॅन्युएल प्रकरण नीट वाचा. केरळमधल्या एका शाळेतली तीन भावंडं, घरचे यहोवाज विटनेस पंथाचे, राष्ट्रगीत सुरू झालं की आदराने उभी राहायची पण गायची नाहीत कारण त्यांच्या श्रद्धेत ते बसत नव्हतं. शाळेतून काढून टाकलं. सुप्रीम कोर्टाने विचारलं की राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असं सांगणारा कायदा कुठला? तर शिक्षण खात्याची परिपत्रकं दाखवली गेली, त्यांच्यामागे कुठल्याही कायद्याचं बळ नव्हतं. मुलांना शाळेत परत घ्यायला सांगितलं. लोकांना वाटतं हा निकाल राष्ट्रगीताचा आहे किंवा धर्मस्वातंत्र्याचा आहे, आहेच, पण वकिलाच्या नजरेने बघितलं तर त्याचा मोठा भाग 'हा अधिकार आणला कुठून' या प्रश्नाचाच आहे.

हाच प्रश्न विधिमंडळांना विचारला की सातवी अनुसूची येते. मुलं ती याद्या म्हणून पाठ करतात, मूळची संघसूची ९७ नोंदी, राज्यसूची ६६, समवर्ती ४७, पण ती याद्यांपेक्षा हद्दीची खूण आहे: या विषयावर कायदा करायचा अधिकार तुझा आहे का? पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था, शेतजमीन राज्याकडे, संरक्षण, परराष्ट्र, रेल्वे केंद्राकडे, फौजदारी कायदा, विवाह, शिक्षण दोघांकडे, आणि कुठेच न बसणारं काही आलं तर कलम २४८ खाली केंद्राकडे. समवर्ती विषयात दोघांचे कायदे भिडले तर २५४, साधारणपणे केंद्राचा वरचढ, पण राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळालेली असेल तर त्या राज्यापुरता राज्याचा चालतो, अर्थात संसद नंतर तोही बदलू शकते.

विषय एकमेकांत घुसतात तेव्हा काय करायचं? यासाठी आपल्याच मुंबई राज्याची केस आहे, बल्सारा, १९५१. मुंबई दारूबंदी कायदा १९४९. दारू हा राज्याचा विषय, पण आयात हा केंद्राचा, मग दारू बाळगू नका म्हटल्यावर आयातीवर परिणाम होणारच ना? कोर्टाने सांगितलं की कायद्याचा गाभा कुठे आहे ते बघा, गाभा राज्याच्या विषयात असेल तर जाता जाता केंद्राच्या हद्दीला धक्का लागला म्हणून कायदा बाद होत नाही. याच निकालात अजून एक गोष्ट सापडते. अल्कोहोल असलेली औषधं आणि सौंदर्यप्रसाधनं बाळगण्यावरही बंदी येत होती, तेवढा भाग कोर्टाने अवास्तव म्हणून उडवला आणि बाकीचा कायदा ठेवला. म्हणजे कलम १३ खाली कायदा घटनाबाह्य ठरला तरी सगळा जायलाच पाहिजे असं नाही, सडका भाग वेगळा काढता येत असेल तर तेवढाच जातो. एका निकालात दोन तत्त्वं, आणि दोन्ही तत्त्वांमागे खऱ्या आयुष्यातली गोष्ट आहे त्यामुळे विसरायला होत नाही. पुस्तकातल्या व्याख्यांपेक्षा अशा केसेस वाचा हे मी माझ्या ज्युनियर्सना कायम सांगतो.

आता मर्यादा. तीन कलमं, १४, १९, २१.

कलम १४ म्हणजे सगळ्यांना एकसारखं वागवा असं नाही. कायदा वर्गीकरण करतोच, आयकरात कमी उत्पन्नाला वेगळा दर असतो, लहान मुलांना वेगळी शिक्षा असते. कोर्ट दोन गोष्टी बघतं: हे गट पाडलेत ते कळण्यासारख्या फरकावर पाडलेत का, आणि त्या फरकाचा कायद्याच्या उद्देशाशी काही संबंध आहे का. डान्सबारची केस घ्या. २००५ मध्ये महाराष्ट्राने मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं घातली. ३३अ ने परमिट रूम, बिअर बार, खाद्यगृहात नाच बंद, आणि ३३ब ने थिएटर, जिमखाने, तीन तारांकित आणि त्यावरच्या हॉटेलांना सूट. उद्देश काय सांगितला, तर स्त्रियांचं शोषण थांबवणं आणि अश्लीलता रोखणं. मग तोच नाच साध्या बारमध्ये शोषण आणि तारांकित हॉटेलात नाही, हे कसं? ग्राहकाच्या खिशावरून स्त्रीची प्रतिष्ठा ठरते का? २००६ मध्ये मुंबई हायकोर्टाने आणि १६ जुलै २०१३ ला सुप्रीम कोर्टाने हे वर्गीकरण टिकू दिलं नाही, आणि १९(१)(छ) खाली व्यवसाय करायचा हक्कही मोडतो असं सांगितलं. पुढे २०१४ मध्ये सरकारने सूटच काढून टाकली आणि बंदी सगळ्यांना लावली, म्हणजे समानतेची उणीव भरून काढायचा प्रयत्न केला, पण तरी १९ चा मुद्दा उरलाच आणि २०१५ ला सुप्रीम कोर्टाने स्टे दिला. यातून शिकायचं ते हे की १४ ची हार कायदा नव्याने लिहून दुरुस्त करता येते, १९ ची हार तितकी सहज नाही. १४ ची दुसरी बाजू म्हणजे मनमानी, १९७४ च्या रोयप्पा निकालापासून कोर्ट म्हणतं की जे मनमानी आहे ते समानतेच्या विरोधातच आहे. अधिकाऱ्यांच्या आदेशांविरुद्धच्या रोजच्या रिटमध्ये खरं काम या मुद्द्यानेच होतं.

कलम १९ मध्ये सहा स्वातंत्र्यं. आधी सात होती, मालमत्तेचं १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने काढलं आणि ३००अ मध्ये साधा संवैधानिक हक्क म्हणून ठेवलं. कुठलंच स्वातंत्र्य मोकाट नाही, पण मर्यादाही मोकाट नाहीत. भाषण स्वातंत्र्यावर बंधन घालायची कारणं १९(२) मध्ये मोजून आठ दिलीत: सार्वभौमत्व आणि एकात्मता, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्री, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, कोर्टाचा अवमान, अब्रुनुकसानी, गुन्ह्याला चिथावणी. नववं कारण सरकारला शोधता येत नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना अटक झाली, एकीने मुंबई बंद का असा प्रश्न फेसबुकवर टाकला आणि दुसरीने तो लाईक केला. लावलेल्या कलमांमध्ये आयटी ॲक्टचं ६६अ होतं. त्या कलमात शब्द कसे होते तर त्रास होईल, गैरसोय होईल, अतिशय आक्षेपार्ह वाटेल असा मजकूर पाठवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. आता त्रास आणि गैरसोय वरच्या आठात कुठे बसते? कुठेच नाही. आणि कुणाला किती त्रास झाला हे ठरवणार कोण, तर पोलीस ठाण्यातला ड्युटीवरचा अधिकारी. २४ मार्च २०१५ ला श्रेया सिंघल निकालात ६६अ अख्खं गेलं. पालघरची केस त्याआधीच बंद झाली होती, पण त्या दोन पोरींनी लॉकअपचं दार बघितलं ते बघितलंच. एखादं कलम धूसर लिहिलं की किंमत कोण मोजतं ते इथे दिसतं, म्हणून कायद्याचा मसुदा वाचताना विशेषणांवर बोट ठेवून वाचायची सवय लावा.

२१ बद्दल सगळे खूप लिहितात म्हणून मी फक्त प्रवास सांगतो. कलम म्हणतं की कायद्याने ठरवलेल्या प्रक्रियेशिवाय कुणाचं जीवित किंवा व्यक्तिस्वातंत्र्य हिरावता येणार नाही. १९५० मध्ये गोपालन प्रकरणात याचा अर्थ फार अरुंद घेतला गेला, कायदा आहे ना, प्रक्रिया लिहिलीये ना, झालं. १९७६ मध्ये आणीबाणीत एडीएम जबलपूर प्रकरणात चार विरुद्ध एक मताने असं ठरलं की राष्ट्रपतींच्या आदेशाने हक्क निलंबित असताना स्थानबद्ध माणसाला हेबियस कॉर्पससुद्धा, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा असा आदेशसुद्धा मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. एच. आर. खन्ना. हा निकाल अभ्यासक्रमात असो नसो, मूळ वाचाच, कागदावरचे हक्क किती लवकर रिकामे होतात ते त्यात आहे. त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. १९७८ मध्ये पासपोर्ट जप्तीच्या मनेका गांधी प्रकरणात कोर्टाने सांगितलं की प्रक्रिया नुसती लिहिलेली असून चालत नाही, ती न्याय्य, रास्त आणि वाजवी हवी, आणि १४, १९, २१ एकत्र वाचायचे. त्याच वर्षीच्या ४४ व्या दुरुस्तीने आणीबाणीतही २० (गुन्ह्याच्या शिक्षेबाबतचं संरक्षण) आणि २१ ची अंमलबजावणी थांबवता येणार नाही अशी सोय केली. आणि २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पुट्टस्वामी निकालात गोपनीयतेचा हक्क मान्य करताना जबलपूरचं बहुमत औपचारिकपणे मोडीत निघालं. एकेचाळीस वर्षं लागली.

मूलभूत संरचना तुम्हाला वेगळा अवघड धडा वाटतो, पण तोही तोच प्रश्न आहे, फक्त या वेळी तो संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकाराला विचारायचा. कलम ३६८ ने अधिकार दिला, प्रत्येक सभागृहात एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश, आणि केंद्र-राज्य संबंधांसारखे विषय असतील तर निम्म्या राज्यांची मान्यता, जीएसटीच्या वेळी २०१६ ला ती घ्यावी लागली होती. पण जो अधिकार संविधानातून मिळाला तो वापरून संविधानच संपवता येईल का? १९६७ ला गोलकनाथ प्रकरणात सहा विरुद्ध पाचने कोर्ट म्हणालं की मूलभूत हक्कांना हात लावता येणार नाही. संसदेने १९७१ ला २४ वी दुरुस्ती करून सांगितलं की लावता येईल. मग केरळच्या एडनीर मठाचे केशवानंद भारती जमीन सुधारणा कायद्याविरुद्ध आले, तेरा न्यायाधीश बसले, ६८ दिवस सुनावणी चालली, आणि २४ एप्रिल १९७३ ला सात विरुद्ध सहाने ठरलं की संसद कुठलंही कलम दुरुस्त करू शकते, मूलभूत हक्कांचंही, पण संविधानाची मूलभूत संरचना मोडू शकत नाही. दुसऱ्याच दिवशी तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून न्या. ए. एन. रे यांना सरन्यायाधीश नेमलं गेलं, हा निकाल सत्तेला किती झोंबला ते यावरून समजा.

संरचनेत काय काय येतं याची बंद यादी नाही. कायद्याचं राज्य, न्यायालयीन पुनर्विलोकन, मुक्त निवडणुका, संघराज्य, धर्मनिरपेक्षता हे वेगवेगळ्या निकालांतून आलं. ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक कोर्टाच्या बाहेर काढली ते १९७५ ला गेलं, ४२ व्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीला कोर्टात आव्हानच देता येणार नाही असं म्हटलं ते १९८० ला मिनर्व्हा मिल्समध्ये गेलं, आणि २०१५ ला न्यायाधीश नियुक्ती आयोगाची ९९ वी दुरुस्ती गेली. या शेवटच्या निकालावर मतभेद खूप आहेत, मलाही वाटतं की कॉलेजियमच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायच्या पद्धतीच्या पारदर्शकतेचा प्रश्न त्याने सुटला नाही. आणि पेपरात नेहमी चुकणारी गोष्ट: साधा कायदा मूलभूत संरचनेवर तपासत नाहीत, ती कसोटी घटनादुरुस्तीसाठी आहे. कायदा दोन कारणांनी जातो, विषय हद्दीबाहेरचा किंवा संविधानाचं एखादं कलम मोडलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशच्या मदरसा कायद्याच्या निकालात हे पुन्हा स्पष्ट झालंय.

मार्गदर्शक तत्त्वांबद्दल, म्हणजे सरकारने धोरण आखताना समोर ठेवायच्या उद्दिष्टांबद्दल लवकर सांगतो. कलम ३७ म्हणतं कोर्टातून बजावता येणार नाहीत पण कारभारात मूलभूत आहेत. बजावता येत नाहीत म्हणजे निरुपयोगी, असं नाही. मूळ कलम ४५ ने चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत शिक्षण दहा वर्षांत द्यायचा प्रयत्न करा म्हटलं होतं. नाही झालं. १९९३ ला उन्नीकृष्णन प्रकरणात कोर्टाने तो हक्क २१ मध्ये वाचला, २००२ ला ८६ व्या दुरुस्तीने शिक्षणाच्या हक्काचं २१अ आलं, २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तत्त्वाचा हक्क व्हायला साठ वर्षं लागली पण झाला.

राहिला उपाय. मूलभूत हक्क मोडला तर ३२ खाली थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं आणि तो स्वतःच एक मूलभूत हक्क आहे, पण व्यवहारात तिथे बहुतेक वेळा आधी हायकोर्टात जा असं सांगतात. हायकोर्टाचं २२६ जास्त रुंद आहे, मूलभूत हक्काशिवायच्या कायदेशीर हक्कासाठीही चालतं. तिथे सरकारी वकिलाचा पहिला आक्षेप जवळपास ठरलेला असतो, यांना अपील करायची सोय होती, ती न करता आले. त्याचं उत्तर पिटिशनमध्येच लिहून ठेवायचं: मूलभूत हक्काचा प्रश्न आहे, किंवा बाजू ऐकून न घेता आदेश काढला, किंवा अधिकारच नव्हता, किंवा कायद्यालाच आव्हान आहे. उशीर झाला असेल तर कारण तारखांसह द्यायचं. फक्त हेबियस कॉर्पसला हे आक्षेप आड येत नाहीत, तिथे अटकेतल्या माणसाने स्वतः यायचीही गरज नसते, बायको, भाऊ, मित्र कुणीही अर्ज करू शकतं, आणि अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं की नाही, हे कलम २२ चं पहिलं टिपण फाईलच्या वरच्याच पानावर असायला हवं.